फोन-इनचा संच दीड वर्ष वापरला, आणि सगळा खेळ मागच्या एका नॉबचा निघाला

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘अर्ध्या तासात ऑन एअर’. आम्हाला साडेतीन आठवडे लागले आणि त्यातले अडीच एका नॉबपायी गेले. त्या नॉबबद्दल मी जरा लांबण लावणार आहे. लोकांना आपल्या पुढाऱ्यांशी थेट बोलता यावं म्हणून एखादं सामुदायिक रेडिओ केंद्र श्रोत्यांचे फोन थेट कार्यक्रमात घेणारा असा संच घेणार असेल, तर बाकी सगळं त्यांना माहितीपत्रकात मिळेल. हे मिळणार नाही.

मी केंद्रावर आठवड्यातून तीन दिवस मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर, बसते. त्याआधी अकरा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, त्यामुळे फोनची लाईन म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. लँडलाईनच्या दोनच तारा असतात. त्यांवरूनच आपला आवाज जातो आणि समोरच्याचा येतो, एकाच वेळी, एकमेकांत मिसळून. रेडिओला हे दोन आवाज सुटे लागतात. कॉलरचा आवाज मिक्सरमध्ये यायला हवा, आपला कॉलरकडे जायला हवा, आणि आपलाच आवाज वळसा घालून परत आपल्या अंगावर येता कामा नये. ही सोडवणूक करणाऱ्या डब्याला हायब्रिड म्हणतात. पूर्वी ते काम तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर करायचा, आता चिप करते.

संच येण्याआधी आमचं हायब्रिड म्हणजे आमच्या निवेदिकेचा हात. मोबाइल स्पीकरवर टाकायचा आणि माइकपुढे धरायचा. हसू नका, जगात निम्मी छोटी केंद्रं अजून हेच करत असतील.

संचात काय आलं ते पटकन सांगते. आठ चॅनेलचा मिक्सर, एक लँडलाईन आणि दोन सिम घेणारा फोनचा डबा, टेबलस्टँडसकट तीन माइक, चार हेडफोन, एका जागेहून चार हेडफोनना आवाज वाटणारी डबी, लोकांचे प्रश्न रात्री-बेरात्री रेकॉर्ड करून ठेवणारा एक चिमुकला संगणक आणि केबलांची पिशवी. कंपनीचं नाव लिहीत नाही. आतून जुळी भावंडं असलेले असे डबे निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि माझी तक्रार त्यांच्या घडणीबद्दल आहे.

आमचा कार्यक्रम बुधवारी संध्याकाळी, एक तास. कधी वॉर्डातून निवडून आलेला सदस्य येतो, कधी पाणीपुरवठ्याचे अभियंते, कधी शाळा समितीचे अध्यक्ष. लोक फोन करतात, विचारतात, पाहुणा उत्तर देतो. ऐकायला सोपं आहे.

नवीन संचावरचा पहिला बुधवार. पाहुणे वॉर्डाचे सदस्य. तिसरा फोन एका मावशींचा, गटाराच्या उघड्या झाकणाबद्दल. सदस्यांनी उत्तर सुरू केलं की काम मंजूर आहे, निधी येतोय, ठेकेदार नेमायचा आहे. मावशी मध्येच म्हणाल्या, ‘‘पण तुम्ही तर मागच्या…’’ आणि गप्प झाल्या. सदस्य आणखी मिनिटभर बोलले, निवेदिकेने मावशींचे आभार मानले, आम्ही गाणं लावलं. मला वाटलं, झालं बुवा, बाईंचं समाधान झालं.

पाच मिनिटांत मावशींचा परत फोन. ऑफ एअर. ‘‘अगं, मी बोलतच होते. तू मला बंद केलंस काय?’’

मी कुठलंच बटण दाबलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर रेकॉर्डिंग काढलं, हेडफोन घातले आणि तो तुकडा सहा-सात वेळा ऐकला. मावशी खरंच बोलत होत्या. सदस्यांच्या आवाजाच्या तळाशी, मुंगीएवढ्या. मागच्या पावसाळ्यात याच झाकणाबद्दल हेच उत्तर मिळालं होतं, कोणत्या महिन्यात मिळालं होतं, तेव्हा तिथे कोण कोण उभं होतं, सगळं सांगत होत्या. घरी रेडिओवर त्यातलं अक्षरही पोहोचलं नव्हतं. ऐकणाऱ्याला एवढंच कळलं की बाईंनी विचारलं, साहेबांनी सांगितलं, बाई गप्प बसल्या.

दोष त्या नॉबचा. फोनच्या डब्याच्या मागच्या बाजूला, डावीकडून तिसरा, करंगळीच्या नखाएवढा, नाव ‘ओव्हरराइड’. स्टुडिओतल्या माइकवर आवाज आला की कॉलरचा आवाज आपोआप खाली दाबायचा, हे त्याचं काम. किती दाबायचा ते नॉब ठरवतो. कारखान्यातून तो पार उजवीकडे फिरवलेला येतो. यात कुणाचं कारस्थान नाही. ही सोय मुळात निवेदकासाठी आहे, म्हणजे एखादा श्रोता थांबतच नसेल तर निवेदकाने तोंड उघडलं की तो मागे पडावा. शिवाय कॉलर दबला की प्रतिध्वनीही दबतो, डब्याचं काम हलकं होतं आणि दुकानात दाखवताना आवाज काचेसारखा स्वच्छ येतो. फर्माइशीच्या गाण्यांच्या कार्यक्रमात हे चालून जाईल. पण आमच्या स्टुडिओतला दुसरा माइक पाहुण्यापुढे असतो आणि डब्याला निवेदक कोण नि पुढारी कोण हे कळत नाही. जो स्टुडिओत बसलाय त्याचा आवाज वर, जो घरून बोलतोय त्याचा खाली, एवढंच त्याला कळतं. फोनवरून पहिला प्रश्न कुणीही विचारू शकतं, कारण तेव्हा पाहुणा ऐकत असतो. उलटप्रश्न मात्र पाहुण्याच्या बोलण्यात घुसूनच विचारावा लागतो आणि हा नॉब नेमका तोच खातो. मग आमच्या त्या तासात राहिलं काय? भाषणाच्या आधी वाचून दाखवलेली चिठ्ठी.

मी नॉब पार डावीकडे फिरवला आणि दुसऱ्या बुधवारी नवं संकट उभं राहिलं. कॉलरला स्वतःचाच आवाज उशिरा परत ऐकू येऊ लागला. माणूस चाचरतो हो अशाने, दोन शब्दांत गप्प होतो. कारण शोधलं तर ते पाहुण्याच्या डोक्यावर होतं, म्हणजे नव्हतं. पाहुण्यांनी हेडफोन घातलाच नव्हता. मोठ्या माणसांना हेडफोनचं वावडं असतं. केस विस्कटतात, फोटो चांगला येत नाही, कान गरम होतात. ‘‘स्पीकरवर लावा ना, ऐकू येतं मला.’’ स्पीकर लावला की त्यातला कॉलरचा आवाज पाहुण्याच्या माइकमध्ये शिरणार आणि कॉलरकडे परत जाणार. नॉब उजवीकडे असताना हे पाप झाकलं जात होतं, एवढंच.

उपाय संचात नव्हता. एका कानात घालायचा साधा इअरफोन आणला, वायर पाठीमागून घेतली आणि पाहुण्यांना सांगितलं की टीव्हीवाले असाच घालतात. त्यानंतर एकाही पाहुण्याने नाही म्हटलं नाही. नॉब मी घड्याळातल्या नऊच्या जागी आणून ठेवला. कॉलर किंचित दबतो, पण बुडत नाही. दोघं एकदम बोलले तर दोघंही ऐकू येतात आणि कोण कोणाला बोलू देत नाही हेही ऐकू येतं. त्या जागेवर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली आहे. पहिल्याच तशा कार्यक्रमानंतर पाहुणे जाता जाता मला म्हणाले, ‘‘आज लाईनमध्ये काही बिघाड होता का? ते गृहस्थ सारखे मध्ये मध्ये येत होते.’’

आता मिक्सरकडे वळते. मिक्सर बरा आहे, फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या, मऊ चालतात, पण त्याला ऑक्स सेंड, म्हणजे हवे तेवढेच आवाज निवडून वेगळे बाहेर काढायची वाट, एकच. फोनच्या कार्यक्रमात हा एकुलता एक ऑक्स जीव की प्राण असतो. कॉलरला सगळं ऐकू जायला हवं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज सोडून. याला मिक्स-मायनस म्हणतात आणि तो त्या ऑक्सवरून बांधायचा असतो. एकच ऑक्स म्हणजे एका वेळी एकच मिक्स-मायनस. दोन सिमवर दोन कॉलर घेतले तर त्या दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही. एकाच गल्लीतल्या दोघी एकाच तक्रारीवर बोलताहेत आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही, असं आमच्याकडे झालंय. संच घेताना दोन ऑक्सचा मिक्सर मागा. कंपनी बदलून देत नसेल तर मिक्सर सोडून बाकीचं घ्या.

त्या ऑक्सजवळच एक खटका आहे, ‘प्री’ आणि ‘पोस्ट’. प्रीवर ठेवला तर माइकचा फेडर खाली असला तरी त्यातला आवाज ऑक्सवर जातच राहतो. आमच्याकडे तो प्रीवर होता आणि मला ते ठाऊक नव्हतं. एक्स्चेंजमध्ये मिक्सर नसतात. एका बुधवारी गाणं चालू, सगळ्या माइकचे फेडर खाली, पुढची कॉलर लाईनवर थांबलेली. पाहुणे आपल्या सहायकाकडे वळून म्हणाले, ‘‘ही बाई परत आली का? हिला काय उद्योग नाही.’’ बाहेर प्रसारणात फक्त गाणं होतं. पण लाईनवर थांबलेल्या ताईंच्या कानात ते वाक्य जसंच्या तसं गेलं.

गाणं संपलं. निवेदिकेने फेडर वर केले, नमस्कार-चमत्कार झाले. ताई शांतपणे म्हणाल्या, ‘‘हो साहेब, तीच बाई. उद्योग आहे, पण पाणी भरण्यात सकाळ जाते.’’

स्टुडिओत अशी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही. पुढची दहा मिनिटं पाहुण्यांनी इतकी नेमकी उत्तरं दिली की विचारू नका. तरीही त्याच रात्री मी तो खटका पोस्टवर नेला. चोरून ऐकवलेल्या वाक्यावर कार्यक्रम उभा करायचा नाही, असं आमचं ठरलं. खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघांना ते अजून पटलेलं नाही.

आवाजाच्या दर्जाबद्दल. माइक चांगले आहेत. शुअरचा एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे आणि जगभरच्या स्टेजवर दिसतो. संचातले माइक त्याच घाटाचे, त्याच्याइतके दणकट नाहीत, पण टेबलावर नीट ठेवले तर तक्रार नाही. फोनचा आवाज मात्र जुन्या चौकटीतला. टेलिफोनने वर्षानुवर्षं माणसाच्या आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेला. १९७२ च्या जी.७११ या मानकाने आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे ठरवलं तेही या पट्ट्यासाठीच. बोलणं कळायला तेवढं पुरतं, पण ‘स’चा सळसळाट त्याच्या वर राहतो आणि कापला जातो. पाइपलाइनवरच्या कार्यक्रमात एक आजोबा म्हणाले, ‘‘साठ घरांना पाणी नाही.’’ अभियंत्यांनी ऐकलं, ‘‘आठ घरांना.’’ म्हणाले, ‘‘आठच घरं आहेत ना, टँकर पाठवू.’’ आजोबांनी पुन्हा सांगितलं, साठ. फोनवर पुन्हा आठच वाटलं. शेवटी आजोबा ओरडले, ‘‘सहा दाहे साठ!’’

मोबाइलच्या नव्या जाळ्यांवर ५० ते ७००० हर्ट्झचा रुंद आवाज मिळतो. दोन मोबाइलमध्ये बोलताना कधी समोरचा शेजारी बसल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच. आमच्या डब्याचा सिम-भाग ते करत नाही, अरुंद पट्ट्यावरच येतो. आता घेणाऱ्यांनी हा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावा. आम्ही तोवर निवेदिकेला सवय लावली आहे की कॉलरने आकडा सांगितला की तो आपल्या माइकवर परत उच्चारायचा आणि त्याचं ‘हो’ मिळेपर्यंत पुढे जायचं नाही.

सिमचा डबा मिक्सरला चिकटून ठेवू नका. टु-जीवर गेला की टिक-टिटिक-टिटिक अशी भुणभुण सुरू होते. ती सेकंदाला २१७ वेळा उठणाऱ्या रेडिओ-धक्क्यांची असते आणि स्वस्त केबलांत लगेच शिरते. दोन मीटर लांब नेला, थांबली. शिवाय सिम घालून चालणाऱ्या अशा डब्यांवर (त्यांना गेटवे म्हणतात) अनेक देशांत निर्बंध आहेत, तेव्हा डबा मागवण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा. आम्ही डबा आल्यावर वाचला. नशीब बरं.

सात सेकंदांचा डिलेही आहे, म्हणजे कोणी शिवी घातली तर ती बाहेर जाण्याआधी गिळता येते. दीड वर्षात शिवी एकदाच आली आणि तेव्हा बटण दाबायचं मी विसरले. डिलेचा खरा त्रास वेगळाच. घरी रेडिओ चालू ठेवून फोन करणाऱ्याला स्वतःचा प्रश्न सात सेकंदांनी परत ऐकू येतो, तो थबकतो आणि रेडिओच ऐकत बसतो. ‘‘रेडिओ बंद करा’’ हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा म्हणते की घरचे मला त्यावरून चिडवतात. रेडिओवाली बाई रेडिओ बंद करायला सांगते!

आता ज्या गोष्टीने मी खरोखर चिडले ती. फोनच्या डब्याला छान रंगीत पडदा आहे. त्यावर येणाऱ्या प्रत्येक फोनचा पूर्ण नंबर मोठ्या आकड्यांत दिसतो आणि आधी फोन केलेला असेल तर ‘किती वेळा’ तेही दिसतं. डबा टेबलाच्या मधोमध ठेवायचा अशी केबलांची लांबी, म्हणजे पडदा पाहुण्याच्या तोंडावर. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्यासमोर तक्रार करणाऱ्याचा नंबर! मला हे पहिल्या महिन्यात सुचलं नाही, याची लाज वाटते. एका पाहुण्याच्या सहायकाने पडद्याचा फोटो काढला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी मी फोटो काढून टाकायला लावला आणि पडद्यावर जाड पुठ्ठा चिकटवला. तो अजून आहे. त्याशिवाय डबा सगळे नंबर आणि वेळा एका साध्या फाइलमध्ये साठवतो, पेन ड्राइव्ह लावला की कोणीही उतरवून घ्यावी. पासवर्ड नाही. ही फाइल आम्ही दर गुरुवारी पुसतो. रचना करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फर्माइशवाला श्रोता असणार. पाणी का येत नाही असं विचारलं म्हणून दुसऱ्या दिवशी ज्याच्या दारात कोणी येऊन उभं राहू शकतं, असा श्रोता त्यांनी पाहिला नसावा.

एक्स्चेंजमध्ये आम्हाला एक जुनी गोष्ट सांगायचे. ऑल्मन स्ट्रॉजर नावाचा अमेरिकेतला माणूस, धंदा अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा. गावच्या एक्स्चेंजमधली ऑपरेटर त्याच्यासाठी आलेले फोन प्रतिस्पर्ध्याकडे जोडते, असा त्याला संशय. म्हणून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारं एक्स्चेंज काढलं आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. गोष्ट किती खरी कोण जाणे, पेटंट खरं आहे. फोनचा कार्यक्रम करताना मला तो माणूस वारंवार आठवतो. पंधरा फोन येतात, घेता येतात सात. कोणते सात, हे मी ठरवते. संचात यासाठी ‘प्राधान्य’ नावाची यादी आहे, नंबर घातला की तो फोन रांगेत पुढे येतो. तशीच ‘अडवा’ यादी. दोन्ही कोऱ्या ठेवल्या आहेत. येईल त्या क्रमाने घेतो. फक्त त्या महिन्यात बोलून झालेल्याला ‘आज दुसऱ्यांना बोलू द्या’ म्हणून विनंती करतो.

चिमुकल्या संगणकावरची रेकॉर्डिंगची लाईन हा संचातला सर्वांत चांगला भाग. लोक मिस्ड कॉल देतात, संगणक उलट फोन करतो आणि प्रश्न रेकॉर्ड करून घेतो. खर्च केंद्राचा. आफ्रिकेत याच मिस्ड कॉलला कुठे ‘बीपिंग’, कुठे ‘फ्लॅशिंग’ म्हणतात. खिशात बोलण्यापुरते पैसे नसलेल्या माणसाने ही युक्ती सगळीकडे आपापली शोधली. आत ॲस्टेरिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. मार्क स्पेन्सरने ते १९९९ मध्ये स्वतःच्या छोट्या कंपनीला फोनचं एक्स्चेंज परवडेना म्हणून लिहिलं होतं. आज कोणीही ते उघडून आपल्याला हवं तसं वळवू शकतं आणि आम्हीही वळवलं. मूळ सूचना होती, ‘‘संदेश ध्वनिमुद्रित करण्यासाठी कृपया एक दाबा’’, तीही असल्या आवाजात की बँकेने कर्ज नाकारावं. ती काढली. आता आमची निवेदिका म्हणते, ‘‘बोला, ऐकतोय. कोणाला विचारायचंय ते आधी सांगा.’’ कुठलंच बटण दाबायचं नाही. मूळ मर्यादा ६० सेकंदांची होती. वयस्कर माणसांची पहिली चाळीस सेकंदं रामराम आणि ख्यालीखुशालीत जातात आणि प्रश्नाच्या तोंडाशी लाईन तुटते. ती मर्यादा तीन मिनिटं केली.

या लाईनवर बायका जास्त बोलतात आणि रात्री दहानंतर बोलतात. मागे भांड्यांचा आवाज येतो, कधी कुजबुज. बुधवारी संध्याकाळी त्या थेट फोन करू शकत नाहीत, तेव्हा फोन घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात असतो. आम्ही त्यांचा प्रश्न त्यांच्याच आवाजात पाहुण्याला ऐकवतो, नाव-पत्ता वगळून. पण इथेही तीच अडचण, रेकॉर्ड केलेला प्रश्न उलट विचारू शकत नाही. म्हणून पाहुण्याचं उत्तर आम्ही त्याच लाईनवर आठवडाभर ठेवतो आणि फोन करणारीला ते ऐकून पुढचा प्रश्न सोडता येतो. दोन बुधवारांमध्ये चालणारं संभाषण. सावकाश चालतं, पण चालतं.

संचात नसलेली आणि मी पहिल्या क्रमांकावर घालीन अशी वस्तू म्हणजे तीस मीटर माइकची केबल, रिळासकट. महिन्यातून एकदा आम्ही पाहुण्याला स्टुडिओत बसवतच नाही. बाहेर मोकळ्या जागेत खुर्च्या मांडतो, एक माइक पाहुण्याकडे, एक लोकांत फिरता. तीन पिनांच्या कनेक्टरची बॅलन्स्ड केबल असेल तर एवढ्या लांबीवर भुणभुण येत नाही. तिथे ना ओव्हरराइड, ना मिक्स-मायनस, ना साठचं आठ. बोलीव्हियातल्या खाणकामगारांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या पगारातून पैसे काढून स्वतःची रेडिओ केंद्रं चालवली आणि त्यांवरून संघटनेच्या सभा थेट ऐकवल्या. त्यांच्याकडे कुठलं हायब्रिड होतं? माइक माणसांपर्यंत नेता येत असेल तर आधी तो न्यावा. अंथरुणाला खिळलेले, लांब राहणारे, उघड उभं राहायला घाबरणारे यांच्यासाठी फोन हवाच, म्हणून संच हवा.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल थोडक्यात: फोन उचलतात, नम्र बोलतात, सुटे भाग उशिरा पाठवतात. हेडफोनच्या वाटप-डबीचा एक सॉकेट सहा महिन्यांत सैल झाला, मीच डाग दिला. माहितीपत्रकात ओव्हरराइडवर दोन ओळी आहेत, त्यातली दुसरी ‘फॅक्टरी सेटिंग बदलू नये’.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका केंद्रानेही हाच संच घेतला. तिथल्या तंत्रज्ञ मुलाने विचारलं, ‘‘ताई, आधी काय करू?’’

‘‘डबा उलटा फिरव. मागे डावीकडून तिसरा नॉब. घड्याळात किती वाजलेत?’’

‘‘चार… नाही, पाच.’’

‘‘नऊवर आण.’’

‘‘आणला.’’

‘‘आता मला लाईनवर घे, माइकपुढे बस आणि भाषण ठोक. थांबू नकोस. मी मध्येच बोलणार.’’

त्याने केंद्राची माहिती म्हणायला सुरुवात केली, स्थापना, उद्दिष्टं, वगैरे. तिसऱ्या वाक्याला मी म्हटलं, ‘‘पण तुम्ही तर मागच्या वेळीही हेच सांगितलं होतं.’’

तो बोलायचा थांबला. ‘‘ऐकू आलं, ताई.’’

‘‘तू थांबलास म्हणून आलं. परत बोल, आणि या वेळी थांबू नकोस.’’